वाकळ शिवणारीचा हिंवाळा : तिवसा येथील एका पांघरुणाच्या अनुषंगानें

इतिहाससंशोधनाच्या कामीं सनदा, महजर, तहनामे, बखरी आणि जमाखर्चाचे कागद आपण मोठ्या आस्थेनें तपासतों. नाणीं, ताम्रपट व शिलालेख यांचीं वाचनें करितों. परंतु ज्यांनीं कागद लिहिले नाहींत आणि ज्यांच्या घरीं ताम्रपट नव्हता, अशा कुटुंबांत तीन-चार पिढ्या टिकून राहिलेली वस्तु बहुधा एकच असते. ती म्हणजे पांघरूण. त्यास साधन मानून कांहीं निश्चित असें सांगतां येतें कीं काय, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय क्षुल्लक वाटल्यास वाचकांनीं हा लेख पौष महिन्यांतील एखाद्या पहांटे पुन्हां वाचून पाहावा.

तिवसा हें अमरावतीहून नागपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील तालुक्याचें गांव. तालुक्याच्या पूर्वेस वर्धा नदी. तिच्या कांठीं, रुक्मिणीचें माहेर म्हणून प्रसिद्ध असलेलें कौंडण्यपूर. याच तालुक्यांत मोझरी येथें तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं गुरुकुंज आश्रम स्थापिला. जमीन काळी, पूर्वापार पिकें कापूस, ज्वारी व तूर, अलीकडे सोयाबीन व संत्रीं. कार्तिकी पौर्णिमेस कौंडण्यपुरास यात्रा भरते. तेथून परतणारा यात्रेकरू पहांटे गाडींत अंग चोरून बसूं लागला, म्हणजे घरोघरच्या उतरंडीवरून व माळ्यावरून पांघरुणें खालीं येतात. वऱ्हाडचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. त्यामानानें येथील हिंवाळ्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. तो लांब नसतो, पण उघड्या रानांत व कुडाच्या घरांत तो चांगलाच जाणवतो.

गतवर्षीं मार्गशीर्ष महिन्यांत तिवसा येथें एका घरीं जाण्याचा योग आला. घरांतील बाई सत्तरी ओलांडलेल्या. सगळी आळी त्यांस आजी म्हणते. वाकळ, किंवा तिकडील उच्चाराप्रमाणें ‘वाकय’, शिवण्याचें काम त्या पन्नास वर्षें करीत आल्या आहेत. काम शेजाऱ्यांचें व आप्तांचें. दुकान नाहीं, पाटी नाहीं. आपल्या सासूच्या सासूनें सुरू केलेली म्हणून त्या सांगतात अशी एक वाकळ वरून झिजल्यामुळें त्या उसवून नव्यानें शिवणार होत्या. उसवतांना जवळ बसून पदर मोजण्यास व टिपून घेण्यास त्यांनीं हंसत संमति दिली. ‘फाटक्याचे पदर काय मोजता, भाऊ?’ एवढाच त्यांचा आक्षेप होता.

प्रथम नांवाविषयीं. वाकळ आणि गोधडी हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशांत आहेत. वाकळ हा शब्द संस्कृत ‘वल्कल’ याच्याशीं जोडण्याचा प्रघात आहे. झाडाच्या सालीचें नांव चिंध्यांच्या पांघरुणास मिळावें यांत एक प्रकारचें औचित्यही आहे, कारण दोन्ही पदरापदरांनीं वाढतात. जुनेरें व चिंध्या एकावर एक घालून शिवलेली ती वाकळ. पिंजलेली रुई भरून शिवलेली ती दुलई किंवा रजई. हा भेद नुसता नांवाचा नव्हे. पहिली घरांतली बाई सुई आणि दोरा एवढ्या भांडवलावर तयार करते. दुसरीस नवें कापड लागतें, रुई लागते, पिंजारी लागतो. म्हणजे रोख पैसा लागतो.

उसवलेल्या वाकळेचे पदर नऊ भरले. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. वाकळ फाटली म्हणजे ती टाकून देत नाहींत; तिच्यावर व तिच्याखालीं नवें जुनेर घालून पुन्हां टांके घालतात. त्यामुळें सर्वांत जुनें कापड मध्यभागीं राहतें आणि नवें नवें दोहों बाजूंनीं बाहेर येत जातें. कौंडण्यपूर येथें डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं १९६० च्या दशकांत उत्खनन केलें, तेथें काळ वरून खालीं मोजावा लागला. येथें तो आंतून बाहेर मोजावयाचा, एवढाच फरक.

गाभ्याचा पदर जाड्याभरड्या हातमागाच्या कापडाचा निघाला. सूत कोठें जाड, कोठें बारीक. पन्हा इतका अरुंद कीं दोन पट्टे मध्यें शिवून एक केलेले. असें कापड वऱ्हाडांत व लगतच्या नागपूर प्रांतांत मुख्यतः महार विणकर विणीत असत. तलम कापड कोष्ट्यांचें. त्याच्या लगतचा पदर गिरणीच्या मांजरपाटाचा. सूत एकसारखें, पन्हा रुंद. या दोन पदरांमध्यें सुईच्या टोंकाएवढेंही अंतर नाहीं, पण वऱ्हाडच्या विणकराचा धंदा बसण्याचा सगळा काळ त्या फटींत आहे. नागपुरास जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस गिरणी १८७७ सालीं सुरू झाली. विलायती कापड तर त्याच्या आधींच रेल्वेनें आलेलें होतें. पुढचे तीन पदर लुगड्यांचे. त्यांतील एकाचा कांठ ओळखून आजी म्हणाल्या कीं हें सासूबाईंचें. तें लुगडें मध्यें फाटल्यावर दंड घालून कांहीं वर्षें नेसलेलें होतें, आणि दंडाची ती शिवण तशीच वाकळेंत आलेली दिसत होती. म्हणजे वस्त्र प्रथम अंगावर झिजलें, मग दंड घालून झिजलें, आणि नंतर पांघरूण झालें.

आतां मुख्य गोष्ट. या नऊ पदरांत रुईचें एक पुंजकेंदेखील नाहीं. ज्या अमरावतीच्या ‘उमरावती’ या जुन्या नांवावरून मुंबईच्या व लिव्हरपूलच्या बाजारांत आंखूड धाग्याच्या कापसाच्या एका सबंध वर्गास ‘ऊमरा’ म्हणूं लागले, त्या अमरावतीपासून कांहीं कोसांवर, चहूंकडे कापसाचीं वावरें असतां, घरच्या पांघरुणांत कापूस नसावा हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. शिवाय हा आंखूड, राठ, फुगून राहणारा देशी कापूस भरण्यासाठीं लांब धाग्याच्या कापसाहून अधिक चांगला. तो लवकर दबत नाहीं. मग तो वाकळेंत कां नाहीं? दारिद्र्य हें उत्तर खरें आहे, पण तेवढें पुरेसें नाहीं.

१८५३ च्या मे महिन्यांतील तहानें निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडी कापसास पूर्वीं कधीं न आलेला भाव आला. १८६७ सालीं जी. आय. पी. रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोंचली. मध्यप्रांत व वऱ्हाडचा कापूस-कमिशनर रिव्हेट-कारनॅक यानें तर उघडच अशी आशा दर्शविली होती कीं, ही रेल्वे इकडील कापूस नेईल, परतीच्या डब्यांतून विलायती कापड आणील, आणि माग सोडलेले विणकर शेतीच्या मजुरीस मिळतील. आशा बऱ्याच अंशीं सफळ झाली.

हा इतिहास पुष्कळांनीं सांगितला आहे. पांघरुणाच्या दृष्टीनें त्यांतील जो फेरफार महत्त्वाचा, तो मात्र रेल्वेचा नव्हे, रेच्याचा आहे. रेचा म्हणजे दोन रुळांमधून कापूस ओढून सरकी निराळी करण्याचें हातयंत्र. तो घरांत असे व तो बहुधा बायकाच फिरवीत. कापूस शेतांतून घरीं येई, हिंवाळ्याच्या रात्रीं रेच्यावर चढे, सरकी बैलांना जाई, आणि रुई विकावयास निघे. या वाटेंत कापूस कांहीं दिवस घरांत वस्तीस असे. खालीं सांडलेली, डाग पडलेली, कवडीची रुई सहजच बाईच्या हातीं राही. पुढें ठिकठिकाणीं सरकी काढण्याचे कारखाने, ज्यांस सर्वजण ‘जीन’ म्हणतात, उभे राहिले. तेव्हांपासून कापूस सरकीसकट गाडींत भरून परस्पर बाजारास जाऊं लागला. रेचा माळ्यावर गेला, मग चुलींत गेला. सरकीदेखील विकत आणण्याची पाळी आली. मग रुई कोठची? कापसाचें पीक वाढलें आणि घरांतला कापूस संपला, या दोन्ही गोष्टी एकाच कारणानें व एकाच काळांत घडल्या.

पिंजाऱ्यावरही त्याचा परिणाम झाला. धनुष्याकृति पिंजण, तिची आंतड्याची तांत, आणि तीवर लांकडी मुठा आपटून निघणारा तो घुमणारा नाद अनेकांच्या स्मरणांत आहे. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या चार खंडांच्या ग्रंथांत या पिंजाऱ्यांस, ज्यांस तिकडे बहनाही म्हणत, स्वतंत्र प्रकरण मिळालें आहे. वाकळ शिवणारीस तसें प्रकरण नाहीं, व तें असूंही शकत नव्हतें. कारण ही कोणा एका जातीची वृत्ति नव्हे. कुणबी, माळी, तेली, महार, परीट, सर्वांच्या घरीं बाई वाकळ शिवते. १८८१ पासून दर दहा वर्षांनीं शिरगणती होऊं लागली. पण विकली न जाणारी वस्तु करणारीचा धंदा कोणत्या रकान्यांत लिहिणार? शिंपी मोजला गेला, पिंजारी मोजला गेला. तीं दोन्ही कामें घरीं करणारी बाई मोजली गेली नाहीं.

आतां तिच्या हिंवाळ्याकडे वळूं. येथें एक अडचण आहे, ती आम्हांस त्या घरीं बसेपर्यंत सुचली नव्हती. ज्या महिन्यांत पांघरूण सर्वांत अधिक हवें, त्याच महिन्यांत तें शिवण्यास हात मोकळा नसतो. दिवाळीच्या सुमारास वेचणी लागते. पहिल्या वेचणीच्या दिवशीं वावरांत पांच दगड मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवितात, त्यास सीतादही म्हणतात. तेव्हांपासून संक्रांतीच्या पुढेंपर्यंत धडधाकट बाई दिवसभर रानांत असते. पूर्वीं वेचणीची मजुरी वेचलेल्या कापसाच्या हिश्श्यानें मिळे. तो हिस्सा बाईचा स्वतःचा. परंतु तो घरीं पिंजून दुलई होण्याऐवजीं बहुधा त्याच सायंकाळीं दुकानांत मीठ, मिरची व तेल यांच्या मोबदल्यांत जाई. त्यामुळें नवी वाकळ शिवण्याचा काळ चैत्र-वैशाखाचा, आणि हिंवाळा हा डागडुजीचा. मग हिंवाळ्यांत शिवते कोण? तर जी वेचणीस जाऊं शकत नाहीं ती. म्हातारी, बाळंतीण, पाय अधू झालेली, किंवा घरीं आजारी माणूस असलेली. या आजीदेखील पूर्वीं वेचणीस जात. कंबर धरल्यावर त्या सुईकडे वळल्या. सबंध आळींतल्या बायकांचा वेळ रानांत जातो म्हणून यांच्याकडे वाकळा येतात.

त्यांचा दिवस पहांटे चुलीपाशीं सुरू होतो. जळण पऱ्हाटीचें व तुराटीचें. म्हणजे कापूस बाजारास गेल्यावर मागें राहिलेलें झाड घरास ऊब देतें. भाकरी होईतों सुनेची वेचणीस जाण्याची घाई. ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी. दव उतरलें व बायका रानाकडे गेल्या, कीं आजी रात्रींचीं सर्व पांघरुणें कुंपणावर उन्हांत टाकतात. हें नित्याचें काम असून त्याविषयीं त्यांचा कटाक्ष आहे. एकही दिवस ऊन न खाल्लेली वाकळ रात्रीं जड व ओलसर लागते, असें त्या म्हणतात. वाकळ धुणें हें मात्र वर्षांतून एकदां, नवरात्राच्या आधीं, नदीवर, आणि तेंही दोघी-तिघी मिळून. भिजलेली वाकळ एकटीस उचलत नाहीं.

ऊन अंगणांत आलें म्हणजे काम मांडतात. सारवलेल्या जमिनीवर खालचें जुनेर पसरून चार कोंपऱ्यांवर चार दगड ठेवतात. त्यावर चिंध्या अशा लावावयाच्या कीं एकीचा कांठ दुसरीच्या पोटाखालीं जावा; कोठेंही उंचवटा येऊं नये व कोठेंही पोकळी राहूं नये. पाहणारास हें काम सोपें वाटतें. आम्हीं एक कोंपरा लावून पाहिला, तो आजींनीं कांहीं न बोलतां उचलून पुन्हां लावला. जाड कापड मध्यें, मऊ वर. गरम कपड्याचा तुकडा मिळाल्यास पायांच्या बाजूस नव्हे, छातीच्या बाजूस. मग वरचें लुगडें घालून लांब लांब कच्चे टांके घालतात व शिवण बाहेरच्या कांठापासून सुरू होते. साधा धांवदोरा; चौकोनामागून चौकोन आंत येत येत मध्यावर संपतो. दोन ओळींमध्यें बोटाएवढें अंतर. दोरा पूर्वीं घरच्या सुताचा, तिपेडी वळलेला, नंतर रिळाचा. अंगुस्तान त्या वापरीत नाहींत. बोटास चिंधी गुंडाळतात. मोठी वाकळ एका हातानें आठ-दहा दिवस घेते, आणि डोळ्यांना दिसतें तोंवरच काम चालतें. पूर्वीं करडी-जवसाच्या तेलाच्या दिव्यावर व मागाहून घासलेटच्या चिमणीवर रात्रीं शिवीत. विजेचा दिवा आल्यावर काम वाढावें, तर त्याच सुमारास डोळे अधू झाले, असें त्यांनीं सांगितलें. मजुरी पूर्वीं ज्वारीच्या मापानें मिळे, आतां पैशानें. नवजात मुलाचें दुपटें मात्र त्या मजुरी न घेतां शिवतात. तें आईच्याच जुनेराचें असावें लागतें. नव्या कापडाची खळ कोंवळ्या अंगास बोचते.

कापडास कापड जोडून ऊब करण्याची ही विद्या एकट्या वऱ्हाडची नव्हे. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकांतील कौदी या तिच्या बहिणीच होत. बंगाली कांथ्यावर फुलें, हत्ती व रथ भरतात. वऱ्हाडी वाकळ त्यापुढें अगदींच साधी. म्हणूनच संग्रहालयांत कांथा जाऊन बसला व वाकळ घरींच राहिली.

या साधेपणास वऱ्हाडांत एक निराळी प्रतिष्ठा मिळाली, ती गाडगेबाबांमुळें. त्यांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेणगांव येथें परीट कुटुंबांत झाला. म्हणजे लोकांचीं वस्त्रें धुण्याचा वारसा. १९०५ सालीं घर सोडल्यावर त्यांनीं चिंध्यांचें वस्त्र अंगावर घेतलें, आणि लोक त्यांस गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणूं लागले. नाथपंथी जोग्याच्या कंथेची परंपरा जुनी आहे खरी. पण ती कंथा संसारापासून वेगळेपणा दाखविते. गाडगेबाबांचें ठिगळांचें वस्त्र पाहून गांवच्या बाईस तें परकें वाटत नसे. तसलें कापड तिच्या घरीं रोज रात्रीं पसरलें जात होतें. कीर्तनास बसलेल्यांपैकीं बहुतेकांच्या खांद्यावर तेंच असे. बाबांचा देह १९५६ च्या २० डिसेंबरला, ऐन थंडींत, अमरावतीजवळ वलगांव येथें पडला.

वाकळेचा सहावा पदर निराळा होता. तें कापड नव्हतेंच. गोणपाटाचे दोन तुकडे होते. आजींच्या सासूनें त्यांस सांगितलेली हकीकत अशी कीं तो पदर ‘कंट्रोलच्या काळांतला’. दुसऱ्या महायुद्धांत गिरण्यांचें पुष्कळसें कापड लष्कराकडे वळलें. १९४३ च्या जून महिन्यांत सुती कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. जानेवारी १९४८ मध्यें नियंत्रण उठलें, भाव भडकले, आणि त्याच वर्षीं तें पुन्हां बसलें. शहरांत त्याच्या कथा रांगा व काळा बाजार यांच्या आहेत. खेड्यांत त्याचा अर्थ निराळा झाला. नवें लुगडें मिळेना म्हणून जुनें अंगावरून उतरेना. आणि जुनें उतरेना म्हणून वाकळेस जुनेर मिळेना. टंचाई ही अशी शेवटीं पांघरुणापर्यंत पोहोंचली, व तेथें गोणपाट बसला. नदीपलीकडे वर्ध्यास याच्या कांहीं वर्षें आधीं ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता (१९३४), आणि १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामास राहत होते. सूत कातणें हें राष्ट्रकार्य ठरलें होतें व कातलेल्या लडी मोजल्या जात होत्या. शिवलेले पदर मोजण्याचें कोणास सुचलें नाहीं. हा दोष काढण्यासाठीं लिहीत नाहीं. कातणें थांबलें होतें म्हणून दिसलें, शिवणें कधीं थांबलेंच नाहीं म्हणून दिसलें नाहीं.

शेवटचे दोन बाहेरचे पदर कृत्रिम धाग्याच्या साड्यांचे. याविषयीं आजींची तक्रार स्पष्ट होती. असली साडी फाटत नाहीं, विरतही नाहीं. म्हणजे जुनेर होण्याचा गुणच तिच्यांत नाहीं. सुई घसरते, टांका ओढला जातो, घाम शोषला जात नाहीं, आणि शेकोटीची ठिणगी पडल्यास ती जळण्याऐवजीं वितळून अंगास चिकटते. जें सुती म्हणून थोडें उरतें, तें भांड्यांच्या बदल्यांत बोहारीण घेऊन जाते. बाजारांत गिरणीचीं लवदार ब्लँकेटें स्वस्त मिळतात. नातवंडें तींच घेतात. तरी आजींच्या पडवींत त्या दिवशीं पांच वाकळा शिवण्यासाठीं येऊन पडल्या होत्या, त्यांतील दोन पुण्यास राहणाऱ्या मुलांच्या.

टिपणें पुरीं झाल्यावर त्यांनीं पदर पुन्हां लावले. गाभ्याचें हातमागाचें कापड हातांत घेतल्याबरोबर विरत होतें, म्हणून तें मांजरपाटांत गुंडाळून जागच्या जागीं ठेवलें. तें आम्हांस द्यावें, अभ्यासास उपयोगी पडेल, असें आम्हीं सुचवून पाहिलें. ‘तें काढलं तं वाकय राह्यली कोठं, बाप्पा?’ असें म्हणून त्यांनीं तें नाकारलें. साड्यांचे दोन्ही पदर बाजूस टाकून त्यांच्या जागीं आपल्या नवऱ्याचीं जुनीं धोतरें घातलीं. पौष लागण्यापूर्वीं वाकळ पुरी झाली. पदर नऊच आहेत.